मूळचीच उलटी

माझ्याकडे तलवार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मी दारातूनच परत पाठवते. कुणाला लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात द्यायला ती चकचकीत हवी असते, कुणाला पणजोबांच्या तलवारीवर क्रोमचा मुलामा चढवून ती सोफ्याच्या वर टांगायची असते, आणि अलीकडे मोबाइलसमोर भुवया चढवून तलवार फिरवणारे फेटेवालेही येतात. त्यांना मी सांगते, सातपूरला जा, तिथे प्लेटिंगवाले ढीगभर आहेत, सकाळी टाकलीत तर संध्याकाळी त्यात तोंड बघता येईल. तोंडच बघायचं असेल तर आरसा घ्या, असंही वर सांगते. बाई फटकळ आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

मी काम करते ते चांदीच्या तारेचं. लोखंडाच्या मुठीवर छिन्नीने आडव्याउभ्या रेघा मारायच्या, इतक्या बारीक की डोळ्यांना दिसू नयेत, बोटाला फक्त खरखर लागावी. त्या खरखरीवर केसाएवढी तार नक्षीप्रमाणे बसवत न्यायची, हलक्या हातोडीने ठोकायची आणि अकीकाच्या दगडाने घोटायची. तार त्या रेघांत रुतून बसते, मग ती माणसाच्या दोन-चार पिढ्या तरी हलत नाही. याला कोफ्तगारी म्हणतात.

हे काम मी दादांकडून शिकले. दादा म्हणजे माझे वडील. जुन्या नाशकात त्यांचं धारेचं दुकान होतं. वर्षभर कात्र्या, अडकित्ते आणि विळ्या, पण दसऱ्याच्या आधी महिनाभर मात्र गावोगावच्या तलवारी यायच्या. कुठे गंज काढायचा असायचा, कुठे ढिली झालेली मूठ पक्की करायची असायची. पूजेची तलवार असेल तर तिला धार लावायची नाही, नुसती घासून स्वच्छ करायची, असा त्यांचा नियम होता. शिकले म्हणते खरी, पण त्यांनी शिकवलं असं काही नाही. मुलीला शिकवून उपयोग काय, असं ते उघड म्हणत. मी समोर बसून बघायची आणि फावल्या वेळात जुन्या लोखंडाच्या तुकड्यावर हात चालवायची. पंधरा वर्षांची असताना मी एक अख्खं कमळ बसवलं. दादांनी ते उजेडात धरलं, एका पाकळीची तार किंचित वाकडी होती, आणि त्यांनी टोकदार सळईने एक पाकळी नव्हे, सगळं कमळ उपटून काढलं. "आपल्या हातून चूक होत नाही," ते म्हणाले. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते कमळ पुन्हा बसवलं.

चूक होत नाही, हे ते गिऱ्हाइकालाही ऐकवत. कुणी कात्री परत आणून दाखवली की टोकाला टवका उडालाय, तर दादा चष्मा न लावताच म्हणत, "मूळचाच आहे." तलवारीवर ओरखडा दिसला, मूळचाच. म्यानात अडकते, मूळचीच. आम्हा भावंडांत तो चेष्टेचा शब्द झाला होता. आमटी खारट झाली की भाऊ हळूच म्हणायचा, मूळचीच खारट आहे. दादांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची मात्र आमची दोघांची छाती नव्हती.

पुढे मी सातपूरला एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले. साच्यांवर नंबर आणि खुणा हाताने कोरायचं काम होतं. बावीस वर्षं केलं. मग तेच काम करणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं आणि मला पेढ्यांचा बॉक्स देऊन निरोप मिळाला. दादा तोवर गेलेले होते. दुकान भावाकडे होतं, तिथे आता हॉटेलवाल्यांचे सुरे मिळतात, आणि भिंतीवर दादांचा हार घातलेला फोटो आहे. फोटोखाली भावाने रंगवून घेतलंय, "आमच्या हातून चूक होत नाही." मी त्यांची छिन्न्यांची पेटी मागून आणली, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बाकडं टाकलं आणि उरलेलं आयुष्य त्यावर वाकून काढायचं ठरवलं.

त्या वर्षी दसऱ्याला महिना असताना ती बाई आली. सटाण्याच्या पलीकडचं गाव, एसटीने आलेली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या हातात खताची लांब पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून मेथीच्या दोन जुड्या डोकावत होत्या. मेथी पोलिसांसाठी होती, पिशवीत भाजीच आहे असं वाटावं म्हणून. तिने जुड्या बाजूला ठेवल्या, सुतळी सोडली, चादर उलगडली आणि बसायच्या आधी बोलायला लागली.

"हिच्यावर चांदीनी फुलं काढी दे, बहीन. इतली दाट, की हात लावाले कोनी धजायला नको."

मूठ दिसतच नव्हती. तिच्यावर शेंदराचा बोटभर जाड थर होता. दरवर्षी नवमीला तेलातला शेंदूर, त्यावर पुढच्या वर्षीचा, असं करत करत मुठीचा गोळा झाला होता. पातं सरळ होतं, एका बाजूने धारेचं, आपल्याकडे जिला धोप म्हणतात ती. धार अशी उरली नव्हती. विटकरीने आणि चिंचेने घासून घासून दोन्ही कडा सारख्याच बोथट झाल्या होत्या.

मी ती उचलली आणि हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मूठ धरली की बोटांवरून एक लोखंडी पट्टी खाली येते, तिला परज म्हणतात. समोरच्याचा वार बोटांवर येऊ नये म्हणून ती असते, त्यामुळे ती नेहमी धारेच्या बाजूला असते. पात्याची पाठ जाड असते, धारेची बाजू पातळ असते, अंगठा फिरवला की बोथट पात्यातही कळतं. इथे परज पाठीच्या बाजूला होती. ही तलवार नीट धरून कुणी वार केला असता तर समोरच्याला लागली असती पाठ, आणि धार आली असती स्वतःकडे.

"ही उलटी आहे," मी म्हणाले.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "सगळा तालुकाले माहीत शे."

मग तिने सांगितलं. त्यांच्या गावात दसऱ्याला सगळं गाव शिवेपर्यंत जातं, आणि सगळ्यांच्या पुढे या घरची तलवार असते. तो त्या घराचा मान. पण गावात त्या घराला म्हणतात उलट्यांचं घर. पेशवाईत म्हणे त्यांच्या पूर्वजाने ऐन लढाईत तलवार आपल्याच माणसांवर फिरवली, म्हणून ती उलटी झाली आणि उलटीच राहिली. दुसरे लोक सांगतात की तो पळून आला. तिच्या नवऱ्याला शाळेत पोरं उलट्या म्हणायची, बाजारात म्हातारी माणसंही म्हणायची, दोन्ही मुलींच्या सोयरिकीत ही गोष्ट निघाली. तरी त्याने चाळीस वर्षं ती तलवार शिवेवर नेली, कुणाकडे न बघता, मान खाली घालून. गेल्या दसऱ्यानंतर तो वारला. आणि यंदा गावच्या कमिटीने निरोप पाठवला की तलवार देवळात जमा करा, मान दुसऱ्या घराला देतोय. आधीच घर उलट्यांचं, त्यात आता धरायला बाई.

"मी द्यावाव नई," ती म्हणाली. देणार नाही, एवढंच. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"ताई, फुलं काढून काही होणार नाही," मी सांगितलं. "एवढी तोंडं चांदीने बंद होत नसतात."

"मंग कसानी व्हतस? जे करनं व्हई ते कर."

ती मेथी मलाच ठेवून गेली.

शेंदूर काढायला चार दिवस लागले. कोमट तेल, मऊ फडकं, बांबूची काडी, याखेरीज काही वापरायचं नाही. खालून मूठ निघत गेली तशी मी जेवायचं विसरायला लागले. ती मुल्हेरी होती. बागलाणातल्या मुल्हेरला एकेकाळी अशा मुठी घडत आणि लांबलांबहून लोक त्या न्यायला येत, हे मी दादांकडूनच ऐकलेलं. परजेवरून एक चांदीची वेल चढत होती, तिला आठआठ पाकळ्यांची फुलं होती. निम्म्याहून जास्त तार गेलेली होती, पण खालच्या रेघा शाबूत होत्या, त्यामुळे कुठे काय होतं ते बोटाने वाचता येत होतं. मी फुलं मोजत गेले. वरून सातव्या फुलाला सातच पाकळ्या होत्या. तिथे तार गळलेली नव्हती, खाली रेघाच नव्हत्या. कारागिराला जागा पुरली नाही, किंवा त्याचं लक्ष उडालं, कोण जाणे. त्याने ते उपटलं नाही, झाकलं नाही, पुढचं फूल नीट आठ पाकळ्यांचं काढून तो वर निघून गेला. मला तो माणूस फार आवडला. बाकीची गेलेली तार मी पुढच्या दिवसांत भरली, ती पाकळी भरली नाही.

मग मूठ उघडायची होती. तलवारीचं पातं मुठीत खिळ्याने बसवत नाहीत, लाखेने बसवतात. मुठीच्या पोकळीत लाखेची पूड भरतात, पात्याचं मागचं शेपूट तापवतात आणि आत दाबतात. लाख वितळते, धरून ठेवली की थिजते. उघडायची तर मूठ बाहेरून शेकायची. मी गॅसवर मूठ फिरवत धरली आणि काळपट लाख थेंबाथेंबाने ताटलीत पडायला लागली. थेंब गार झाले आणि त्यात मला हिरवं चमकताना दिसलं.

लाखेत काहीतरी भरड घालावी लागते, नाहीतर ती तडकते. सगळे विटकरीची पूड घालतात. दादा घालत नसत. आमच्या दुकानाशेजारी कासार होता, त्याच्या फुटक्या बांगड्या दादा फुकट आणत आणि खलबत्त्यात कुटत. त्या कुटायचं काम कित्येकदा माझ्याकडे असे. हिरव्या काचेवर सोनेरी चमकी असलेल्या बांगड्या. असली लाख नाशकात दुसरं कुणी वापरत नव्हतं, हे दादाच अभिमानाने सांगत.

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले.

पातं ओढून काढलं. शेपटावर गंजाचं पापुद्र्यासारखं कवच होतं, ते दादांनी साफ केलेलंच नव्हतं. मी केलं. खाली दोन ठिपके निघाले, छिन्नीच्या टोकाने मारलेले, एकाशेजारी एक, शेपटाच्या एकाच अंगाला. मग मी बॅटरी घेऊन मुठीच्या तोंडात बघितलं. आतल्या काठावर, एका अंगाला, तसेच दोन ठिपके होते. सातपूरला बावीस वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. दोन भाग सोडवायच्या आधी फिटर दोघांवर ठिपके मारतो, म्हणजे परत जोडताना ठिपक्यासमोर ठिपका येतो आणि जोड चुकत नाही. मुल्हेरच्या कारागिराने तेच केलं होतं. मी ठिपक्यांसमोर ठिपके आणून पातं नुसतं आत सरकवलं. परज धारेच्या बाजूला आली. तलवार सरळ होती. तिला उलटी बसवली होती माझ्या बापाने. दसऱ्याच्या घाईत, गंज न काढता, ठिपके न बघता, लाख थिजायच्या आत.

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू. एकटी बसून मोठ्याने हसले मी. "दादा, सापडलात!" असं म्हणाले सुद्धा. ते उपटलेलं कमळ मला आठवलं आणि इतक्या वर्षांनी पोट भरल्यासारखं वाटलं. मग त्या बाईचा नवरा आठवला. मी कधी न पाहिलेला माणूस, मान खाली घालून चाळीस दसरे शिवेवर चालत गेलेला. हसू तिथेच संपलं. पेशवाई नाही, लढाई नाही, पळून आलेला पूर्वज नाही, काही नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी एका दुकानात एक पातं उलटं बसलं होतं, एवढंच.

मी तिला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली. मी तिला ठिपके दाखवले, लाख दाखवली, आणि ती कुणाच्या हातची आहे तेही सांगितलं. मग घाईघाईने म्हणाले, "मी सरळ बसवून देते ताई. कुणाला काही कळायचं नाही. दसऱ्याला काढाल तेव्हा सरळ असेल, झालं."

ती ठिपक्यांवर अंगठा फिरवत होती. मग म्हणाली, "मना सासरा गयथा परत. दुसरा वरीसले. गावमा हसाले लागनात म्हनीसन तलवार लिसन नाशिकले गयथा. म्हने, उलटी बसी गयी, फिरवी दे. तो दुकानवाला काय बोलना माहीत शे?"

मला माहीत होतं.

"बोलना, मूळचीच अशी शे."

सासरा ते खरं मानून परत आला. एवढ्या मोठ्या शहरातला जाणकार सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार. त्यानेच गावात सांगितलं, मूळचीच आहे. आणि मूळचीच उलटी म्हटल्यावर गावाला कारण लागलं, कारण लागल्यावर पूर्वज लागला, आणि पूर्वजाला पेशवाई लागली. आम्ही ज्या शब्दावर आमटी खाताना हसायचो, त्या शब्दाने एका घराची अब्रू घेतली होती. मला दादांचा राग लहानपणापासून येत आलाय, पण त्या दिवशी आला तो वेगळा होता. चूक कुणाचीही होते. परत आलेल्या माणसाला त्यांनी दारात उभं करून खोटं सांगितलं.

"गुपचूप फिरवानी नई," ती म्हणाली. "गुपचूप फिरवी तं सांगतीन, बाईनी चोरीसन सरळ करी. अशीच लिसन चाल. दोन तुकडा. गावना समोर बसाड. आनि कोनी उलटी करी, ते बी तूच सांग."

म्हणजे पातं वेगळं, मूठ वेगळी, तशीच गावात न्यायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जोडायची, आणि चूक कुणाची ते बापाचं नाव घेऊन सांगायचं. मी हो म्हणाले. रात्री मात्र उगाच हो म्हणाले असं वाटलं, आणि सकाळी भावाला सांगायला दुकानात गेले.

भाऊ सुऱ्यांच्या काचेमागून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "मेलेल्या माणसाची चूक चारचौघांत काढायची? तुला काय मिळणार?"

"मला काही नाही. तिला मिळणार."

"अगं, गावातली माणसं आपली गिऱ्हाइकं आहेत. दादांच्या नावावर हे दुकान चालतं."

"मग ती पाटी पुसून टाक. खोटी आहे."

"तू त्यांच्यावर जुना डाव साधतेयस," तो म्हणाला. त्यात थोडं खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. मी त्याला सांगितलं, असेल, डाव असेल, पण ठिपके मी मारलेले नाहीत. आणि दादांची चूक दादा सांगणार नव्हतेच, तू सांगणार नाहीस, मग मी सांगितल्याशिवाय ती त्या बाईच्या गळ्यात तशीच राहणार. मी निघाले तेव्हा त्याने एवढंच विचारलं, एसटीने जाणार की गाडी पाठवू. मी एसटीनेच गेले.

खंडेनवमीला सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं. शस्त्रांची पूजा असल्याने विळे, कोयते, पहारी, एका पोत्यावर ट्रॅक्टरचे पाने असं सगळं हळदकुंकू लावून मांडलेलं होतं. मध्ये तलवारीची जागा रिकामी होती. कमिटीचे म्होरके एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ती बाई पारावर चढली, तिने चादर सोडली आणि दोन तुकडे त्या रिकाम्या जागी ठेवले. एकदम गलका झाला. दसऱ्याच्या तोंडावर तलवार मोडली, अपशकुन झाला, कुणी मोडली, ही शहरातली बाई कोण? मी छोटा गॅस पेटवला, लाखेची पूड काढली आणि म्हणाले, "मोडलेली नाही, सोडवलेली आहे. आधी या आणि बघा. ज्यांना बोटाने चाचपून बघायचंय त्यांनी चाचपा."

आबा आले. मी पात्यावरचे ठिपके दाखवले, मुठीतले दाखवले, जुळवून दाखवलं. त्यांनी नाक मुरडलं. "ठिपका तं कोनीबी मारी."

"मारेल. पण ठिपक्याच्या तळाशी जुना गंज नाही भरू शकणार." मी कागदाची पुडी उघडली, मुठीतली जुनी लाख फोडून आणली होती. "आणि हे बघा. ही तलवार उलटी बसवली ती या लाखेने. हिच्यात हिरव्या बांगड्यांची काच आहे, वर सोनेरी चमकी. आबा, पेशवाईत असल्या बांगड्या मिळायच्या का?"

बायका हसल्या. मागून एक म्हातारी पुढे आली, तिने लाखेचा तुकडा उन्हात धरला. "ह्या तं मना लगीनमा व्हत्यात," ती म्हणाली. "अश्याच. नाशिकथून आन्यात." तिचं लग्न पेशवाईत झालं नव्हतं हे सगळ्या गावाला दिसत होतं.

मग मी ते सांगितलं. "ही उलटी बसवली तो माझा बाप. नाशकात दुकान होतं त्याचं. यांचे सासरे परत गेले तेव्हा त्याने चूक कबूल केली नाही, मूळचीच आहे म्हणून परत पाठवलं. चूक त्याची, खोटं त्याचं. या घराचं यात काही नाही, पूर्वजाचंही नाही."

आबा म्हणाले, "पन आमना आजा सांगे, लढाईमा..."

"आबा," ती बाई मध्येच बोलली. "पहिले तुमीच हसनात. या पारवर. सासरा मरेपर्यंत सांगे मले. तुमना आजा तव्हय कव्हयना मरी गयथा."

आबांनी पोत्यावरच्या पान्यांकडे बघितलं. "माले आठवत नई," ते म्हणाले. मला तो आवाज चांगला ओळखीचा होता, चष्मा न लावता बोलणाऱ्या माणसाचा.

मी मुठीत पूड भरली, शेपूट तापवलं, ठिपक्यासमोर ठिपका धरला आणि दाबलं. लाखेचा वास उठला. थिजेपर्यंत धरून ठेवावं लागतं, तेवढ्यात पारावरची माणसं एकेक करून वाकून बघून गेली, आबा सोडून. मग मी तलवार तिच्या हातात दिली. तिने मूठ धरली, परज तिच्या बोटांवरून धारेच्या बाजूला उतरली. तिने ती उभी धरली आणि विचारलं, "देवळमा जमा करानी म्हने. कोनले लेवानी शे? त्यानी आते पुढे यावं." कुणी पुढे आलं नाही. एकाने हळूच नारळ आणून तिच्या पायाशी ठेवला आणि पूजा सुरू झाली.

तिने मला थांबवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी गाव शिवेवर निघालं, ढोलवाले तयार होते, पुढे ती एकटी होती, डोक्यावर पदर आणि खांद्याला तलवार. तिने मला हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं आता आभार मानेल, आणि मला ते हवेही होते, कबूल करते. बापाचं नाव घालवून आले होते मी.

ती माझ्याकडे न बघता, समोरच्या वाटेकडे बघत बोलली. "मना मानूस मान खाली घालीसन जगना आनि तसाच गया. त्याले हाई दखाले भेटनं नई. तुन्हा बापले मी माफ नई करनार, बहीन."

"नका करू," मी म्हणाले. "मी पण केलेलं नाही."

तिने मान डोलावली. मग ढोल वाजला आणि ती सगळ्या गावाच्या पुढे निघाली.